पोटातल्या बिऱ्हाडकरूंची बडदास्त

"बाय, ते दह्याचे कॅप्सूल दी गो. गॅसाचे न्हय, जंतूंचे."

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या फार्मसीच्या काउंटरवर गेल्या पावसाळ्यात एक काका उभे होते. मुलाने मुंबईहून फोन करून सांगितले होते, की वय झाले की पोटातले चांगले जंतू कमी होतात, ते आता विकत मिळतात, घेऊन ये. महिन्याभराच्या कॅप्सूलची किंमत ऐकल्यावर काकांनी ओली छत्री या हातातून त्या हातात घेतली. मी विचारले, "काका, जेवणात भाजी किती असते?" "आसा मगे, नुस्त्याच्या कुशीक." म्हणजे माशाच्या बाजूला. आणि ती केवढी, ते त्यांनी अंगठा नि बोट जवळ आणून दाखवले. सुपारीएवढी.

कॅप्सूल मी दिले नाही. पुढच्या चार-पाच फेऱ्यांत त्यांना जे तुकड्यातुकड्याने सांगितले आणि स्वतःच्या घरात करून पाहिले, ते इथे एकत्र लिहिते आहे. सगळ्याला साधारण सहा आठवडे लागतात. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच, की हे जंतू विकत आणण्यापेक्षा जे आधीपासून राहतात त्यांना जेवायला घालणे स्वस्त पडते आणि जास्त उपयोगी ठरते.

बिऱ्हाडकरू कोण, आणि करतात काय

शरीरात माणसाच्या पेशींच्या दसपट जंतू असतात, हे वाक्य अजून फिरते. ते जुने झाले. २०१६ साली शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला तेव्हा आकडा आला साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी. म्हणजे जवळजवळ बरोबरी. वजन म्हणाल तर सगळे मिळून २०० ग्रॅमच्या आसपास. यातले बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात; उरलेले तोंडात, त्वचेवर, स्त्रियांच्या योनिमार्गात. या सगळ्या वस्तीला मायक्रोबायोम म्हणतात.

भाजी, कडधान्य, कोंडा यांतला चोथा, म्हणजे फायबर, पचवणारी पाचके आपल्या शरीरात जवळजवळ नाहीत. तो चोथा तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधून घेतात. म्हणजे भाडेकरू घरमालकाला भाडे देतो तसेच. चोथा मिळालाच नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले, की मग हे जिवाणू आतड्यावरचा संरक्षक बुळबुळीत थरच खायला लागतात. बिऱ्हाडकरूंना उपाशी ठेवले तर ते भिंतीचा गिलावा खरवडतात, असे मी काकांना सांगितले. ते त्यांना लगेच पटले. त्यांच्या एका खोलीत खरेच भाडेकरू आहे.

आता सावधगिरीचे दोन शब्द. मधुमेह, लठ्ठपणा, नैराश्य, सांधेदुखी, सगळ्याच्या मुळाशी आतड्यातले जंतू आहेत असे मोबाइलवर रोज येते. या आजारांत जंतूंची वस्ती बदललेली दिसते, हे खरे. पण ती बदलल्यामुळे आजार झाला की आजारामुळे, औषधामुळे, खाण्यामुळे ती बदलली, हे बहुतेक ठिकाणी अजून सुटलेले नाही. पक्के पुरावे थोड्या ठिकाणी आहेत. जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू अल्सर घडवतो, हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळाले. दुसरे उदाहरण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. अँटिबायोटिकने आतड्यातली वस्ती उठली की हा जिवाणू मोकळ्या जागेत माजतो आणि जीवघेणे जुलाब होतात. अशा वारंवार आजारी पडणाऱ्यांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू सोडून पाहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो उपाय नेहमीच्या औषधापेक्षा इतका सरस ठरला, की चाचणी वेळेआधीच थांबवली गेली. ऐकायला किळसवाणे, पण वस्तीला किती महत्त्व आहे ते यावरून कळते.

पहिला आठवडा: काही बदलायचे नाही, फक्त लिहायचे

एक वही घ्या. मोबाइलवर नको, राहत नाही. तीन गोष्टी लिहायच्या.

पहिली, शौच. याची लाज वाटून उपयोग नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इथपर्यंत सगळे सर्वसाधारण धरतात. वेळेपेक्षा रूप महत्त्वाचे. डॉक्टर 'ब्रिस्टल तक्ता' वापरतात, त्यात सात प्रकार आहेत: पहिला म्हणजे सुट्या सुट्या कडक गोळ्या, सातवा म्हणजे निव्वळ पाणी. तिसरा आणि चौथा, म्हणजे वर भेगा असलेले किंवा गुळगुळीत केळ्यासारखे, उत्तम. वहीत फक्त आकडा टाकायचा.

दुसरी, अन्नाचा प्रवास. एका दुपारी उकडलेल्या मक्याचे मूठभर दाणे फारसे न चावता गिळा आणि वेळ लिहा. त्याआधी आठवडाभर मका खायचा नाही. दाणे पुन्हा दिसले की वेळ मोजा. साधारण एक ते तीन दिवसांत दिसावेत. त्याहून उशीर म्हणजे गाडी सावकाश चालली आहे. चोथा, पाणी आणि चालणे, तिन्हींत कुठेतरी कमी पडते आहे.

तिसरी, आठवड्यात किती वेगवेगळ्या वनस्पती पोटात गेल्या. धान्य, डाळ, भाजी, फळ, बी, मसाला, सगळे धरा, पण एक वस्तू एकदाच. नारळ रोज खाल्ला तरी एकच! आमच्या घरचा पहिला आकडा चौदा निघाला, आणि त्यातसुद्धा तांदूळ, नारळ, मिरची, हळद, धणे, सोलां (कोकम) धरलेली. मी स्वतःला शहाणी समजत होते.

या मोजणीमागे एक आधार आहे. मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधल्या हजारो लोकांच्या विष्ठेच्या नमुन्यांवर केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की आठवड्याला ३०हून जास्त वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात, १० किंवा कमी खाणाऱ्यांपेक्षा, जंतूंची विविधता जास्त होती. तीस हा काही मंत्र नाही. पण चौदावरून निघायला दिशा मिळते.

दुसरा आणि तिसरा आठवडा: चोथा वाढवायचा, पण बेताने

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगते. आपले रोजचे शीत-कडीचे, म्हणजे भात-कालवणाचे, ताट डोळ्यांसमोर आणा. शंभर ग्रॅम कोरड्या सडीच्या पांढऱ्या तांदळात चोथा साधारण ३ ग्रॅम, तेवढ्याच नाचणीत ११, अख्ख्या मुगात १७. मासळीत शून्य. मासळी वाईट असे मी म्हणत नाही, फोंड्यात राहून तसे म्हणायची माझी हिंमतही नाही. पण भाताचा डोंगर, कडी, तळलेला बांगडा आणि सुपारीएवढी भाजी, या ताटात बिऱ्हाडकरूंच्या वाट्याला काहीच येत नाही. सोमवार-गुरुवारच्या शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणातही आता डाळ, बटाटा आणि पापडच जास्त असतो.

क्रम असा ठेवा. पहिले तीन-चार दिवस फक्त भाजी दुप्पट करा आणि भात त्या मानाने कमी. मग एका जेवणात कडधान्य. आळसांदे (चवळी), मूग, चणे, काहीही. रात्री भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात शिजवा. गॅस करणाऱ्या साखरेचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. पहिल्यांदा दोन मोठे चमचे शिजलेले पुरे. तीन दिवसांनी अर्धी वाटी. आठवड्याने वाटीभर. नाश्त्याला नाचणीचे तिजाण, म्हणजे खीर, आठवड्यातून दोनदा. पेरू मिळाला तर बियांसकट.

बेताने का, ते माझ्या अनुभवावरून. मी पहिल्याच आठवड्यात आळसांद्यांचे तोंडाक (उसळ), तिजाण, मोडाच्या मुगाच्या मुगागाठी आणि पेरू एकदम सुरू केले. चौथ्या रात्री यजमान उशी घेऊन बाहेरच्या सोप्यावर झोपायला गेले. डास परवडले म्हणाले. चूक माझी होती. अचानक जास्त चोथा आला की जिवाणू तो भराभर आंबवतात आणि वायू धरतो. वस्तीला नव्या जेवणाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. चोथ्याबरोबर पाणी वाढवले नाही तर उलट मळ घट्ट होतो, हेही लक्षात ठेवा.

ज्यांच्या आतड्याचे ऑपरेशन झाले आहे, आतडे कुठे अरुंद आहे, आतड्याची सूज भडकली आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि आयबीएस, म्हणजे आतडे नाजूक होऊन वारंवार पोट बिघडण्याचा त्रास, असलेल्यांना कडधान्याने त्रास वाढत असेल तर तो त्रास सोसत बसू नये. इसबगोल, ओट्स, पपई, गाजर अशांनी सुरुवात करावी.

पाववाला पोदेर सकाळी भोंपू वाजवत येतो त्याच्याकडची पोळी, म्हणजे पोई, पावापेक्षा बरी का? वरती कोंडा भुरभुरवलेला असतो म्हणून लोक खूश असतात. मोडून बघा. आतून पांढरीफट्ट असेल तर तो मैदाच, कोंड्याचा फक्त शृंगार. आत तांबूस, कोंड्याचे ठिपके असलेली मिळाली तर त्या पोदेराला सोडू नका.

माटोळीला विचारा

गणेशचवथीला देवाच्या वर माटोळी, म्हणजे फळापानांचे छत, बांधतो तेव्हा आपण रानावनातली किती फळे, कंद, शेंगा, पाने आणतो? माटोळीच्या स्पर्धांत तर शेकड्यांनी जिन्नस असतात. देवाच्या डोक्यावर एवढी विविधता टांगून खाली आपण बटाट्याची भाजी वाढतो, याची मला दरवर्षी गंमत वाटते.

विविधता वाढवण्याचा सगळ्यात सोपा गोमंतकीय मार्ग म्हणजे खतखते, अनेक भाज्या-कंदांचे कालवण. मागच्या श्रावणात मी मोजले: सुरण, करांदे, कणगां, कच्चे केळे, नीरफणस, मुळा, गाजर, मशिंगाच्या (शेवग्याच्या) शेंगा, मक्याचे कणीस, दुधी, तूरडाळ, नारळ, तिरफळ, सोलां, मिरची, हळद. एका टोपात सोळा. महिन्यातून दोनदा केले आणि दोन दिवस पुरवले तरी वहीतला आकडा तिशीच्या जवळ जातो. करांदे सोलताना हाताला खाज सुटते, तेल लावून बसा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा फोंड्याच्या बुधवारपेठेत गेलात तर एक नियम पाळा: दर खेपेला एक तरी अशी वस्तू आणायची जी मागच्या महिन्यात आणली नव्हती. पावसात टायकिळा (टाकळा), तेरें (रानअळू), किल्ल, अळमी (रानातली अळंबी) येतात. तेऱ्याला आंबट घातलेच पाहिजे, नाहीतर घसा खवखवतो. किल्ल, म्हणजे बांबूचे कोंब, चिरून भिजवून, उकळून, पाणी फेकून मगच वापरायचे; कच्च्या कोंबात विषारी सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. आणि अळमी फक्त ओळखीच्या बाईकडून. यावर तडजोड नाही.

भात सोडायचा नाही, थंड करायचा

शिजलेला भात थंड झाला की त्यातल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. तो चोथ्यासारखाच खाली बिऱ्हाडकरूंपर्यंत पोचतो. परत गरम केला तरी त्यातला बराचसा टिकतो. उकड्या तांदळाचे भातच मुळात उकडून, वाळवून केलेले, त्यामुळे त्याच्यात हा भाग पांढऱ्या तांदळापेक्षा बरा. अकराच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला काल्ची कडी, ही आमच्या आजीची न्याहारी यात फिट बसते.

पण इथे एक धोका आहे, आणि आजीच्या काळात तो सांगणारे कोणी नव्हते. शिजलेला भात आपल्या दमट हवेत ओट्यावर रात्रभर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे विष पुन्हा उकळले तरी जात नाही, उलट्या होतात. म्हणून भात उरला की पसरट भांड्यात पसरा, तास-दीड तासात फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा, वाफाळेपर्यंत गरम करून.

चौथा आठवडा: आंबवलेले, पण जिवंत

आंबवलेल्या पदार्थांना आता फार भाव आला आहे. त्यात तथ्य आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२१ साली ३६ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे अर्ध्यांनी भरपूर चोथा खाल्ला, अर्ध्यांनी दही, केफीर (आंबवलेले दूध), आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ. दुसऱ्या गटात जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातले दाहाचे बरेच निर्देशक खाली आले. माणसे थोडी, कालावधी लहान, आणि ते दिवसाला पाच-सहा वेळा असे पदार्थ खात होते. तेव्हा आठवड्यातून एकदा वाटीभर दही खाऊन चमत्काराची वाट बघू नये.

आधी गैरसमज काढू. पोई, सान्नां, इडली ही आंबवलेली खरी, पण भट्टीत किंवा वाफेत जिवाणू मरतात. सोलकढी आंबवलेली नसतेच, सोलां आणि नारळाचा रस तो. फेणी आणि हुर्राक आंबवून मग ऊर्ध्वपातित केलेली. त्यात जिवंत काही उरत नाही, ग्राहक सोडून. हे मला अनेकदा काउंटरवर मोठ्या आवाजात सांगावे लागते, कारण "फेणी पोटाला बरी" हे वाक्य आमच्याकडे औषधासारखे वापरतात.

घरचे दही सगळ्यात उत्तम. दूध चांगले उकळा, बोट जेमतेम टेकवता येईल इतके कोमट होऊ द्या, म्हणजे ४० ते ४५ अंश, मग लिटरला चमचाभर विरजण नीट ढवळून. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात, पावसात भांडे टॉवेलात गुंडाळून ठेवा. दूध पचत नाही अशा बऱ्याच जणांना दही चालते, कारण दह्यातले जिवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात. दही कढीत उकळले की जिवंतपणा गेला. ताक करून प्या. बाजारचे घ्यायचे तर आंबवल्यावर पुन्हा तापवलेले नाही ना, ते डब्यावर वाचा, आणि फळांच्या स्वादाच्या दह्यातली साखरही.

दुसरी गोष्ट म्हणजे मिठाच्या पाण्यातल्या भाज्या. आपली चेपणीची तोरां, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या, आहेत, पण त्यांत मीठ इतके असते की फारसे जंतूही तग धरत नाहीत आणि रक्तदाबवाल्याने ती खाऊच नयेत. त्यापेक्षा कमी मिठाची बरणी लावा. मी अशी लावते: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात २५ ग्रॅम मीठ, काट्यावर मोजून, अंदाजाने नको. मुळा, गाजर, आल्याचे काप, दोन-तीन हिरव्या मिरच्या, काचेच्या स्वच्छ बरणीत. वर छोटी वाटी दाबून ठेवायची, कारण पाण्याच्या वर आलेला एक तुकडासुद्धा बुरशी धरतो. झाकण सैल.

मे महिन्यात दुसऱ्याच दिवशी सकाळी पाणी गढूळ होते आणि कान जवळ नेला तर बारीक सूं सूं ऐकू येते. बुडबुडे मुळ्याच्या कडेला चिकटून बसतात. तिसऱ्या दिवशी बरणीभोवती पाण्याचे कडे दिसते, म्हणून खाली ताटली हवी. पहिल्या खेपेला माझा ओटा भिजला. चौथ्या दिवशी चव बघा. स्वच्छ आंबट लागली की फ्रीजमध्ये. पावसात दोन दिवस जास्त लागतात. वर पांढरी पातळ साय आली तर ती निरुपद्रवी यीस्ट असते, काढून टाका. पण केसाळ, हिरवे-काळे-गुलाबी काही दिसले किंवा कुजका वास आला तर बरणी ओतून द्या, चाखून बघू नका. जेवणाबरोबर दोन चमचे न शिजवता. तीस ग्रॅम भाजीतून साधारण पाऊण ग्रॅम मीठ जाते; दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम आहे, तेव्हा त्या दिवशी खारे (खारवलेली सुकी मासळी) आणि पापड बाजूला.

औषधांच्या पेटीत डोकावा

इतका वेळ खाण्यावर बोलले, पण माझ्या मते निम्मी लढाई इथे आहे. चोथ्याने जे महिनाभरात कमावता, ते एका अनावश्यक अँटिबायोटिकने चार दिवसांत जाते. बारा निरोगी पुरुषांना चार दिवस तीव्र अँटिबायोटिक्स देऊन पाहिले, तेव्हा वस्ती दीड महिन्यात बरीचशी पूर्ववत झाली, पण काही जाती सहा महिन्यांनीही सापडल्या नाहीत.

औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसते? ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, याची खूण. आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली तिचा मुद्दाम प्रचार केला. तरी लोक रिकामी पट्टी आणून "हीच चार द्या" म्हणतात. सर्दी, पडसे, बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

करायच्या गोष्टी: घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आजच वेगळ्या काढा, पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. डॉक्टरांना विचारा, की हे जिवाणूसाठी आहे का, किती दिवस, आणि दोन दिवस थांबून बघता येईल का. गरज असेल तर मात्र निमूट घ्या, सांगितले तितके दिवस. डोक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर दूध-दही दोन तासांच्या अंतराने. कॅल्शियम त्यांना पकडून ठेवते आणि औषध लागू पडत नाही. पावसात लेप्टोसाठी, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी, डोक्सी घेणाऱ्या शेतकऱ्यांना मी हे दरवर्षी सांगते.

कोर्सनंतर प्रोबायोटिक, म्हणजे काका मागत होते तसले जिवंत जंतूंचे कॅप्सूल घ्यावे का? जुलाब टाळायला काही विशिष्ट प्रकारांचा कोर्स चालू असताना उपयोग होतो. पण २०१८ सालच्या एका अभ्यासात उलटेही दिसले: अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची स्वतःची मूळ वस्ती परतायला जास्त वेळ लागला. नव्या पाहुण्यांनी खाटा अडवल्या. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली बहुतेक पचनविकारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस केली नाही. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती दबलेल्यांनी तर ती आपल्या मनाने घेऊच नयेत.

ॲसिडिटीच्या गोळ्या हे आणखी एक दुखणे. पँटोप्राझोल वर्षानुवर्षे रोज घेणारे कितीतरी आहेत. कशासाठी सुरू झाले होते तेही आठवत नाही. जठरातले आम्ल हा दरवाजावरचा पहारेकरी आहे. तो झोपवला की तोंडातले जंतू खाली आतड्यापर्यंत जातात आणि आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो. एकदम बंद करू नका, आम्ल उसळून येते. डॉक्टरांकडून डोस हळूहळू उतरवून घ्या. रक्त पातळ करणारी औषधे किंवा रोजच्या वेदनाशामक गोळ्या चालू असणाऱ्यांना पँटोप्राझोल बऱ्याचदा खरेच लागते, त्यांनी ते सोडू नये.

विष्ठेची तपासणी करून तुमचा मायक्रोबायोम सांगतो, अशी महागडी किट्स आता घरपोच मिळतात. निरोगी मायक्रोबायोम नेमका कसा, याचे ठरलेले मापच नाही, तेव्हा अहवालातले लाल-हिरवे चौकोन कशाशी ताडून रंगवले? त्या पैशांत वर्षाचे आळसांदे येतात.

तोंड, कातडी आणि बाकीचे

लेव्हनहुकने १६८३ साली दातांवरचा थर भिंगाखाली पाहिला तेव्हा त्यात वळवळणारे जीव दिसले; तोंडातले ते बिऱ्हाड आजही तसेच आहे. तांबड्या भाजीत, म्हणजे लाल माठात, नायट्रेट भरपूर. जिभेवरचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, त्यातून पुढे नायट्रिक ऑक्साइड होते आणि ते रक्तवाहिन्या सैल ठेवते. रोज दोनदा जंतुनाशक माउथवॉशने खळखळून चुळा भरल्या की हे कामगारच मरतात. दंतवैद्याने सांगितलेले तेवढे दिवस वापरा, मग बंद. दोनदा घासणे आणि जीभ हलके साफ करणे पुरते.

पावसात मांड्यांत, काखेत गजकर्ण झाले की लोक तीन-चार औषधे एकत्र असलेली मलमे मागतात. त्यांत स्टेरॉइड असते. दोन दिवस खाज थांबते, बुरशी मात्र पसरते आणि मग महिनोन्‌महिने हटत नाही. ओले कपडे बदला, कोरडे राहा, साधे बुरशीनाशक मलम डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावा.

बायकांसाठी एवढेच: योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्लता राखतात आणि इतर जंतूंना बाहेर ठेवतात. आतून धुणे, सुगंधी वॉश, डेटॉलचे पाणी, यातले काहीही नको. बाहेरून साधे पाणी. बाळंतिणीला सांगायचे तर, आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या मुख्यतः बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचे अन्न असतात. म्हणून पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, वर मध नाही, घुटी नाही.

सहाव्या आठवड्यात, आणि डॉक्टरांकडे कधी

मक्याचा प्रयोग पुन्हा करा, ब्रिस्टलचे आकडे पहिल्या आठवड्याशी ताडा, वनस्पती मोजा. आमचा आकडा अठ्ठावीसवर आला, आणि यजमान आत झोपायला आले. काही बदल दिसला नाही तर चोथा खरेच वाढला का ते आधी तपासा. बहुतेक वेळा दुसऱ्या आठवड्यानंतर ताट पूर्वपदावर गेलेले असते.

काही गोष्टींत मात्र वही बाजूला ठेवून लगेच दाखवायचे: शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना उतरलेले वजन, कमी झालेले हिमोग्लोबिन, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणे, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग. तालुक्याच्या इस्पितळात जा, तिथून गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पाठवतात.

मूळव्याधीचे मलम बरेच जण मागतात, आणि निम्म्यांना डॉक्टरांनी कधी तपासलेले नसते. पहिली ट्यूब मी देते. दुसरीला रक्त किती दिवस जाते ते विचारते. तिसरी देत नाही, चिठ्ठी आणा म्हणते.